एकूण किती झालं?

सकाळी सहाच्या सुमाराला तात्याबांच्या सोप्यात गावाचं दूध जमायला लागायचं. किटल्या, बादल्या, तोंडाला फडकं बांधलेले कॅन आणि त्यांच्यामागं उभी माणसं. रांग सोप्याच्या पायऱ्या उतरून पार लिंबाखाली जायची. आधी फॅटच्या मशीनला थोडं दूध, मग काट्यावर किटली, मग पावती. पावती मात्र लगेच यायची नाही. स्क्रीनवर एक गोल चाक फिरत राहायचं आणि अख्खी रांग त्या चाकाकडं बघत राहायची.

"फिरतंय बघा, फिरतंय," लालासाहेब म्हणायचे. फौजेतनं सुभेदार होऊन परत आलेला माणूस. रांगेत उभं राहायची सवय जुनी, पण जीभ मोकळी. "म्हशीची संध्याकाळची धार काढायची येळ आली तरी ह्येचं फिरणं सरंना. कुण्या बिनकामाच्यानं बनीवलंय रं हे?"

"कोण का आसंना, त्येला आणून आमच्या गोठ्यात बांधा," मागून अंबूबाई म्हणायची. म्हातारी गावच्या त्या टोकाहून डोक्यावर किटली घेऊन यायची, त्यामुळं तिला बोलायचा हक्क जास्त. "शेणघाण काढली की सुदरंल."

रांग हसायची. आणि भिंतीच्या पलीकडं, पेंडीची पोती ठेवायच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेली तात्याबांची सून संयोगिता ओठ दाबून स्क्रीनकडं बघत राहायची. कारण ज्याला गोठ्यात बांधायचं होतं त्यात ती स्वतःही होती.

डेअरीचं ते सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं. संयोगिता त्याच कंपनीत कामाला. हे गावाला कळू द्यायचं नाही, असं तात्याबांनी ठरवून टाकलं होतं. "त्यास्नी कळलं तर फॅट कमी लागली की तुझ्याकडं बोट दावतील. म्हणतील, सुनेनं आतनं बटण दाबलं." म्हणून सून 'आत काम्पुटरवर कायबाय करती' एवढंच गावाला ठाऊक.

ती मूळची जतकडची, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावची. वैतागली की तोंडातून कानडी "साकु, साकु" निघायचं. म्हणजे पुरे आता. लहानपणी तिच्या गावात टँकर यायचा आणि टँकरमध्ये किती पाणी उरलंय हे कुणालाच कळायचं नाही. रांगेतल्या पुढच्यानं कळशी जास्त बुडवली की मागच्याचा जीव वरखाली. डोकी फुटायची. टँकरच्या बाजूला नुसती एक काचेची नळी असती तर निम्मी भांडणं झाली नसती, असं तिला तेव्हाही वाटायचं. पुढं सांगलीला इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, शंभूराजशी लग्न झालं. शंभूराज फौजेत. लग्नानंतर तो सीमेवर आणि ती पुण्यात, असं चाललेलं असताना लॉकडाऊन लागलं. चार कपडे घेऊन ती शिराळ्याजवळच्या या सासरच्या गावी आली. लॉकडाऊन उठलं, रस्ते खुले झाले, एसट्या धावायला लागल्या. पण पेंडीच्या खोलीतून तिचं काही उठणं झालं नाही.

कुणी तिला डांबलं नव्हतं. उलट सासू रंगुबाई लेकीसारखं करायच्या. फक्त त्यांच्या लेखी लॅपटॉप म्हणजे टीव्हीचा लहान भाऊ. मीटिंग चालू असली तरी दारातून हाक यायची.

"संयोगिता, कोथिंबीर निवडून ठिवतीस का गं?"

"आत्ती, कॉल चालू हाय."

"बोल की, मी कुठं तोंड धरलंय? हातानं निवड."

पुण्याच्या मीटिंगमध्ये दहा चौकोनांतली माणसं बोलत असायची आणि अकराव्या चौकोनातली बाई मान खाली घालून कोथिंबीर निवडत असायची. कॅमेऱ्यात फक्त मान दिसायची, त्यामुळं सगळ्यांना वाटायचं की संयोगिता फार लक्षपूर्वक लिहून घेते.

तिचं काम होतं मोजण्याचं. सर्व्हर म्हणजे मशीन एक, पण त्याला कामाचे हात पुष्कळ. एक हात या गावाची पावती बनवतो, त्याच वेळी दुसरा त्या गावाची. या हातांना त्यांच्या धंद्यात थ्रेड म्हणतात. सकाळ-संध्याकाळ शेकडो गावांत एकदमच दूध पडतं, सगळे हात एकदमच भिडतात. त्या गर्दीत किती पावत्या झाल्या, किती खोळंबल्या, कशाला किती वेळ लागला, हे कळायला हवं. त्यासाठी सॉफ्टवेअरच्या पोटात बारीक बारीक मोजणी बसवायची. तिला काउंटर म्हणतात. काउंटर कसा असावा, तर काम करणाऱ्या हाताला आपल्याला कुणी मोजतंय याचा पत्ताही लागू नये, इतका हलका.

संयोगितानं काउंटर लिहिले तेव्हा ती या घरात नवी होती. रोज दोन्ही वेळा सोप्यातून तात्याबांची आरोळी ऐकू यायची. कुणाचंही दूध कॅनमध्ये ओतलं की तात्याबा मनात बेरीज करायचे आणि मोठ्यानं गावाला सांगायचे, "एकूण ऐंशी लिटर झालं! कुणाला शंका आसंल तर आत्ता बोला!" दोन श्वास थांबायचे. कुणी बोललं नाही की मगच पुढच्याची किटली. पूर्वी एकदा टेम्पोवाल्यानं दूध कमी भरलं म्हणून तक्रार केली होती आणि गावानं तात्याबांवरच संशय घेतला होता. भरल्या गावात त्यांना चोर म्हटलं गेलं. तेव्हापासून ही आरोळी. त्या बेरजेला गावच साक्षीदार.

जतच्या टँकरपुढं वाढलेल्या पोरीला हे फार आवडलं. ज्या क्षणी विचाराल त्या क्षणी एकूण आकडा तयार, अगदी थेंबाला थेंब. तिनं आपला काउंटर तसाच केला. सगळ्या हातांसाठी एकच आकडा. कुठल्याही हातानं पावती केली की त्यानं त्या आकड्याला कुलूप लावायचं, एक वाढवायचा, कुलूप काढायचं. मगच दुसऱ्यानं हात लावायचा. पुण्यात दाखवलं तेव्हा वरचे साहेब स्क्रीनवर पळणारा आकडा बघून खूश झाले. "क्षणाक्षणाचा अचूक," ते म्हणाले. तिच्या गटाच्या प्रमुख मुबश्शिरा मॅडम, मूळच्या मिरजेच्या, त्यांनी फोन करून सांगितलं, "पोरी, नाव काढलंस."

त्या वेळी गावं थोडी होती. मग वाढली. आणि चाक फिरायला लागलं.

कंपनीनं सर्व्हर मोठा घेतला, त्याचे हात वाढवले. चाक आणखी फिरायला लागलं. दूधसंघवाले भांडायला लागले. आणि त्याच महिन्यात मुबश्शिरा मॅडमचा फोन आला.

"संयोगिता, मुख्य इंजिनाचा नवा गट होतोय. मी तुझं नाव दिलंय. पण पुण्यात यायला लागेल. ऑफिसात, रोज."

संयोगितानं पेंडीच्या खोलीचं दार लावून घेतलं. "मॅडम, मला यायचंय."

"साहेबांची एक अट आहे. आधी हे अडकतंय कुठं ते तू शोधायचंस. मोजणारी तूच ना? मग मोजून सांग. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवते."

राहिलं घर. शंभूराजला फोन केला, तर तो म्हणाला, "माझं काय न्हाई गं. आबा काय म्हणत्यात बघ." शंभूराजचं कधीच काही नसायचं. मग तिनं धीर करून आबांपुढं, म्हणजे सासऱ्यांपुढंच विषय काढला, तोही नेमका सकाळी, चाक फिरत असताना. तात्याबा आधीच तापलेले.

"मामंजी, मला पुण्याला बोलावलंय. नोकरीवर."

"आन् ह्ये?" त्यांनी स्क्रीनकडं हात केला. "ह्ये आसं अडलेलं सोडून?"

रांगेनं कान टवकारले. लालासाहेब म्हणाले, "जाऊ द्या की तात्याबा. शिकलेली पोरगी. पेंडीच्या वासात किती दिस काडायचं तिनं?"

चार माणसांत आपण आडवं बोललो असं व्हायला नको, म्हणून तात्याबा छाती काढून म्हणाले, "मी कुठं नको म्हणतोय? ज्या दिवशी ही डेअरी अडायची थांबंल, त्या दिवशी खुशाल जावं. सगळ्यांदेखत सांगतोय."

त्या शब्दावर संयोगिता कामाला लागली. आता कंपनीचं कोडं आणि घरचं कुलूप दोन्ही एकाच किल्लीनं उघडणार होतं. कुठं अडतंय ते दिसावं म्हणून तिनं आणखी काउंटर बसवले. फॅटचा वेगळा, वजनाचा वेगळा, छपाईचा वेगळा. प्रत्येक अचूक, प्रत्येकाला आपलं कुलूप. आणि ती जसजशी मोजत गेली तसतसं बाहेरचं चाक जास्तच फिरत गेलं. रांगेचा आवाज चढायला लागला. अंबूबाई आता गोठ्यावर थांबत नव्हती, ज्यानं बनवलं त्याच्या सात पिढ्यांपर्यंत जायची. भिंतीपलीकडं संयोगिता सगळं निमूट ऐकायची. बाहेर जाऊन सांगता येत नव्हतं, आत बसून सुटत नव्हतं. काउंटरच्या आकड्यांत एवढंच दिसायचं की सगळे हात थांबलेत. कशापायी थांबलेत ते दिसत नव्हतं.

एका संध्याकाळी तर सगळंच बसायला आलं. मुबश्शिरा मॅडम फोनवर ओरडल्या, "अगं, मोजायचं राहू दे आता! काउंटर सगळे बंद कर. आधी दूध घेऊ दे लोकांचं, मोजणी उद्या बघू."

तिनं बंद केले.

बाहेरून लालासाहेबांचा आवाज आला, "आयला! पावती आली बी?"

"कुणाची?"

"माझी! आन् ह्या अंबूबाईची बी आली!"

पावत्या खटाखट निघायला लागल्या. रांगेत हशा, टाळ्या. रंगुबाई आतून डोकावून म्हणाल्या, "काय झालं गं? दुरुस्त केलंस वाटतं?" संयोगितानं गुपचूप काउंटर चालू केले. बाहेर: "आलं रं, आलं परत चाक!" बंद केले. बाहेर: "ग्येलं!" पुन्हा एकदा करून बघायची तिला छातीच झाली नाही.

रस्त्यात दुसरं कुणी नव्हतंच. तिचा आकडाच मधोमध बसला होता. सगळे हात आपापलं काम संपवून त्या एका कुलपापुढं रांग लावून उभे. हात जितके जास्त तितकी रांग मोठी, आणि प्रत्येक नव्या काउंटरनं तिनं आणखी एक कुलूप वाढवलेलं. अडतंय कुठं हे शोधायला ठेवलेला माणूसच दारात पाय पसरून बसला होता.

सांगावं तर पुण्याची जागा जाते. न सांगावं तर एखादं निमित्त काढून गुपचूप बदलता येतं, कुणाला कळणारही नाही. चहा करताना तिनं दोन्ही बाजूंनी विचार केला. चहा उतू गेला. मग तिनं फोन लावला.

"मॅडम, सापडलं. माझेच काउंटर आहेत. मीच अडवलंय सगळं."

पलीकडं मुबश्शिरा मॅडम हसायला लागल्या, अगदी मिरजेच्या बाजारात हसतात तसं. "आणि त्याच्यावर तपासलं म्हणून सही कुणाची आहे? माझी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या त्या वेगळ्याच. अगं, तुझ्या एकटीच्या लॅपटॉपवर हात होते चार, तिथं कसलं दिसणार होतं? आता नीट कर. साहेबांचं मी बघते. जागा आहे तुझी."

ते पुढचे दिवस संयोगिताच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. तिनं एकच आकडा मोडून टाकला. प्रत्येक हाताला त्याचा स्वतःचा डबा दिला. ज्यानं त्यानं आपल्या डब्यात आपलं मोजायचं. कुलूप नाही, कुणाची वाट बघणं नाही. एकूण किती, हे ज्याला हवं त्यानं मधूनमधून सगळे डबे बघून बेरीज करायची. बेरीज करेपर्यंत एखादा डबा पुढं गेलेला असणार, म्हणजे आकडा जरासा मागं राहणार. राहू दे. दूध पडायचं थांबलं की बरोबर जुळतो. डबे एकमेकांना चिकटून ठेवले तरी मशीन आतल्या आत अडखळतं, म्हणून दोन डब्यांमध्ये मोकळी जागा सोडायची, हेही तिनं अनुभवानं शिकून घेतलं. आणि हे सगळं रंगुबाईंच्या हाकांच्या मधल्या फटीत.

"संयोगिता, गॅस बारीक कर गं."

"केला, आत्ती."

"कवा केलास? सांडलंय बघ उतू जाऊन."

नवे काउंटर सर्व्हरवर चढले. आता मोजणी चालू होती आणि तरी चाक दिसत नव्हतं. वरच्या साहेबांनी तेवढी एक कुरकुर केली की आकडा पूर्वीसारखा पळत नाही, थांबून थांबून उडी मारतो. मुबश्शिरा मॅडमनी त्यांना समजावलं. संयोगितानं कपाटातली बॅग खाली काढली आणि झटकून उन्हात ठेवली. रंगुबाईंनी ती बघितली आणि काही न बोलता सावलीत सरकवली. ऊन लागून बॅगेचा रंग जातो म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी ती मुद्दाम सोप्याच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पावती पटकन आली. अंबूबाईनं किटली ओतली. आणि रांग थांबली.

तात्याबा डोळे मिटून बेरीज करत होते. ओठ हलत होते. मग आरोळी: "एकूण बावन लिटर झालं! कुणाला शंका आसंल तर आत्ता बोला!" दोन श्वास. मग पुढचा. पावती पटकन. पुन्हा तात्याबांचे डोळे मिटलेले.

इतके दिवस मशीनच एवढं मंद होतं की तात्याबांची बेरीज त्याच्या पोटात जिरून जायची. आता मशीनचं पोटच उरलं नव्हतं. संयोगिता बघत राहिली. जे कुलूप तिनं सर्व्हरमधून काढलं होतं ते पांढरं धोतर नेसून इथं स्टुलावर बसलं होतं. आणि सर्व्हरमध्ये तिनं ते घातलं होतं ते इथूनच बघून.

दोन-तीन दिवस गावानं कळ काढली. मग लालासाहेबांना राहवलं नाही.

"तात्याबा, मशीन घोड्यागत पळतंय आन् तुमी मागनं बैलगाडी घिऊन निघालाय!"

रांग फिसकन हसली. तात्याबांनी डोळे उघडले. "व्हय का? मग बंद करू आरोळी? आन् उद्या टेम्पोवाला कमी हाय म्हणाला, तर चोर म्हणायला पयला कोण येणार? तूच येणार, सुभेदार."

"न्हाई वं…"

"मागं आलता का न्हाई?"

लालासाहेब किटलीचं फडकं नीट करायला लागले. आले होते.

"ह्याचा अर्थ अडतंयच अजून," तात्याबा म्हणाले आणि उंबऱ्याकडं बघितलं. "आपला शब्द अडायचं थांबल्यावरचा हाय."

संयोगिताची कानशिलं तापली. महिना संपत आला होता. सासऱ्यांना चार माणसांत सांगायचं, की मामंजी, अडवताय ते तुम्ही; हे कुठल्या सुनेनं कुठल्या तोंडानं सांगायचं? एकांतात सांगावं, तर शब्द चार माणसांत दिलेला. ती पदर सावरून पुढं आली.

"मामंजी, एक बोलू?"

"बोल."

"ज्याचं त्याचं दूध ज्याच्या त्याच्या पावतीवर येतंय. त्यात कुणाची चूक न्हाई. एकूण किती झालं, ते दर किटलीला बघायला नको. मधी एकदा बघायचं, आन् शेवटाला टेम्पोत कॅन चढवायच्या आधी बघायचं. मधी थोडं मागंपुढं झालं तर बिघडत न्हाई. शेवटी जुळलं म्हंजे झालं."

"शेवटी जुळलं न्हाई तर?"

"जुळतंय. स्क्रीनवर एकूण येतंच की."

"स्क्रीनवर इश्वास आसता तर मी इतकी वर्सं घसा कशाला फोडला आसता?" तात्याबांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "ह्या सोप्यात मला चोर म्हटलंय ह्यांनी. आतल्या खोलीत तुझी सासू रडत हुती. तू नव्हतीस तवा."

कुणी कुणाकडं बघेना. अंबूबाईच मग किटली खाली ठेवून म्हणाली, "तात्याबा, आमी चुकलो तवा. पन पोरगी म्हणती ते खरं हाय. माझी मान दुखती वं किटली धरून. तुमी नगा बेरीज करू. पन स्क्रीन बिक्रीन मला कळत न्हाई. एकूण बघायला माणूस पायजे. डोळ्यानं बघून सांगनारं, घरचं."

"मी बघतो की," लालासाहेब म्हणाले.

"तू?" अंबूबाईचा पुतण्या रांगेतून उसळला. "तुझ्या बेरजेवर आमी दूध घालायचं व्हय?"

"मग तू बघ."

"त्येच्यावर आमी न्हाई घालणार," तिसरा बोलला.

रंगुबाईंना स्क्रीनवरचं वाचता येत नव्हतं. दोन-तीन नावं निघाली आणि निघाली तिथंच पडली. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू एका ठिकाणी आल्या. जतकडून आलेली, गावातल्या कुठल्याच भावकीत नसलेली, शिकलेली, तात्याबांच्याच घरची.

"सूनबाईच बघत्याल," लालासाहेब म्हणाले. "दोन्ही येळंला उभं ऱ्हायचं आन् एकूण सांगायचं. काय सुभेदारी हाय त्यात? सूनबाई म्हणल्या, की आमचं मिटलं."

"व्हय, व्हय," रांग म्हणाली. इतक्या वर्षांत त्या रांगेचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"पण मी जाणार हाय," संयोगिता म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मामंजी, तुमी शब्द दिलावता. सगळ्यांदेखत. अडायचं थांबलं की जा म्हणलावता."

तात्याबा स्टुलावरून उठले. संयोगिताला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं; रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

"दिलाय शब्द. तात्याबा शब्दाला मागं सरत न्हाई," ते म्हणाले. "जा तू. मी आडवणार न्हाई. फकस्त एवढं सांगून जा पोरी, की तू गेल्यावर एकूण कुणी बघायचं? तू नाव घेशील त्येला ह्या स्टुलावर बसवतो."

संयोगितानं रांगेकडं बघितलं. एकेक तोंड बघितलं. एक नाव घेतलं असतं तर दुसऱ्यानं किटली उचलून घरी नेली असती. सोप्यातली डेअरी फुटली असती आणि तात्याबांच्या म्हातारपणी पुन्हा तेच बोलणं उठलं असतं. नाही कुणीच म्हटलं नव्हतं. जा असंच सगळे म्हणत होते.

"आज तर बघ," तात्याबा म्हणाले, "पुढचं पुढं." आणि स्टूल सोडून आत गेले. घसा दुखत नव्हता त्यांचा, तरी पाणी मागितलं.

त्या दिवशी रांग बघता बघता संपली. एकूण बरोबर जुळलं.

मुबश्शिरा मॅडमना तिनं दुपारी फोन केला. मध्ये काय घडलं ते सगळं सांगितलं; बेरीज, स्टूल, भावकी. मॅडमनी मध्येच तोडलं नाही.

"मी पुन्हा विचारते, संयोगिता. पुढच्या महिन्यात जमेल? अर्धा महिना इथं, अर्धा तिथं असं काही?"

"दूध रोज पडतं, मॅडम."

"हं." पलीकडं पेन टेबलावर आपटल्याचा आवाज. "मग प्रांजलला घेते मी. तुझ्याखाली शिकलेली पोरगी आहे. चालेल?"

"चालेल," संयोगिता म्हणाली. प्रांजलला काउंटर तिनंच शिकवले होते, याच खोलीतून, कोथिंबीर निवडत.

"साहेब तर खूशच होतील म्हणा. आपलं माणूस डेअरीतच बसलंय म्हटल्यावर संघवाल्यांना काय सांगायला नको. काउंटरचं सगळं तुझ्याकडंच राहील, कायमचं. पगारही बघते मी." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "मी मिरजेतून कशी सुटले माहितीये? कुणाला न सांगता. एसटीत बसले आणि सांगलीच्या पुढं गेल्यावर घरी फोन केला." आणि लगेच, "जाऊ दे, ऐकू नको माझं."

रात्रीच्या जेवणाआधी शंभूराजचा फोन आला. त्याच्याकडं बातमी आधीच पोचली होती. "लय भारी केलंस म्हणं! आबा पयल्यांदा येवढं खूश झाल्यात. घरात राहून सगळं साधलंस बघ."

"तुमाला काय वाटतं, मी जायला पायजे हुतं?"

"माझं काय गं," शंभूराज म्हणाला. "तुला जे वाटंल ते."

तिनं फोन ठेवला. बॅग रंगुबाईंनी कपाटावर चढवून ठेवली होती, वर जुनं लुगडं झाकून, धूळ बसू नये म्हणून.

आता ती दोन्ही वेळा स्टुलावर असते. मध्ये एकदा आणि शेवटी एकदा एकूण सांगते, ओरडावं लागत नाही. तात्याबा समोर खाटेवर बसतात. बोलत नाहीत, पण त्यांचे ओठ अजून हलतात. तिनं आकडा सांगितला की मान डोलावतात. मधल्या वेळात ती पेंडीच्या खोलीत सर्व्हरच्या हातांचे डबे बघते. प्रांजल पुण्याहून शंका विचारते, ती सांगते. कामाला तक्रारीची जागा नाही, दोन्हीकडं.

परवा अंबूबाई किटली ओतून पावती घेऊन निघाली होती ती पायरीवरून मागं वळली. संयोगिताच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

"तू बसल्यापासनं लय लवकर घरी पोचती बघ मी. आता तू कुठं जाऊ नगंस बाई. देवाला सांगून ठिवलंय मी."

"व्हय, काकी," संयोगिता म्हणाली. अंबूबाईच्या मागं लालासाहेब आपली किटली काट्यावर ठेवून उभे होते. तिनं तिकडं मान वळवली.

"या, पुढं या."